फुली मारलेली भिंत

मी आयुष्यात स्वतःच्या हातानं पाडलेली पहिली भिंत माझी नव्हती.

हे आधीच सांगून टाकते, कारण कराडात ही गोष्ट आता चार प्रकारे सांगितली जाते आणि चारही प्रकारांत मी वेडी ठरते. खरा प्रकार पाचवा. त्यातही मी फार शहाणी ठरत नाही, पण निदान तो मी सांगितलेला आहे!

मी शाळेत शिकवते. पाचवी ते सातवी, मराठी. आमचे हे फौजेत हवालदार, वर्षातले दहा महिने सरहद्दीवर. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि चौदा वर्षं घराचा विषय निघाला की हे फोनवर एकच वाक्य म्हणायचे, "रिटायर होऊन येतो, मग निवांत बघू." एका रविवारी मी ठरवलं, आपण निवांत बघायचं नाही. घाईनं बघायचं! आणि बघितलंच. जुन्या पेठेतलं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं एक अंधारी कोठीची खोली, वर गच्ची. गच्ची गळत होती, नळाला पाणी येत नव्हतं आणि स्वयंपाकघर इतकं अरुंद की पोळी लाटताना कोपर भिंतीला लागायचं. म्हणून तर ते मला परवडत होतं.

बँकेतले साहेब म्हणाले, "मॅडम, घराचं कर्ज देऊच, शिवाय दुरुस्तीचंही त्यातच घालून देतो. एकच हप्ता, एकच फाईल."

मी हरखले. साहेबांनी पुढचं वाक्य मी सही केल्यावर उच्चारलं.

"फक्त दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतील. आधी काम, मग आमचे इंजिनिअर येऊन फोटो काढणार, मग पैसे."

"पण पैसे असल्याशिवाय काम कसं होणार?"

"पहिला टप्पा आगाऊ देतो ना!"

पहिला टप्पा गच्चीनं आणि नळांनी खाल्ला. दुसरा टप्पा मिळवायचा तर स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत पाडून दाखवायची होती. इंजिनिअरची फेरी गुरुवारी. ती चुकली तर पुढची एक महिन्यानं. आणि इकडं भाड्याच्या घराचे मालक, ज्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यांनी महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा म्हणून निरोप दिला होता. म्हणजे गुरुवारी भिंत पडली नाही तर पहिल्या तारखेला मी सामानासकट एस.टी. स्टँडवर!

माझे सासरे, आबा, कुंडलला असतात. रिटायर सुभेदार. ऊस, दोन म्हशी आणि तोंडाचा पट्टा. त्यांनी घर बघताच निकाल दिला.

"शोभा, हे घर न्हाई गं. ही खंडर हाय. इरादा बदल."

"आबा, इसार दिलाय."

"मग माझ्याकडनं पैसे घे. बँकेच्या मागं कशाला पळतीस? पर एक, घर मी सांगंन तसं बांधायचं. पुढं मोठी पडवी, मागं म्हशीला गोठा."

"पेठेत म्हैस?"

"मग काय हत्ती बांदू?"

मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, "आबा, तुमचा एक रुपयाही नको. घर माझं, कर्ज माझं, अक्कलही माझीच."

(हे शेवटचं नको बोलायला होतं.)

गुरुवार जवळ आला आणि बुधवारी आमचे दस्तगीर मिस्त्री गायब झाले. भाचीचं लग्न, कवठे महांकाळला! शुक्रवारशिवाय येणार नाहीत म्हणाले. जाताना सगळी हत्यारं आमच्याच घरात ठेवून गेले होते आणि आदल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या एका भिंतीवर लाल खडूनं भली मोठी फुली मारून गेले होते.

आता इथं माझी बाजू समजून घ्या. मी अठरा वर्षं लाल पेनानं पेपर तपासतेय. फुली म्हणजे चूक. चूक म्हणजे काढून टाकायची. यात मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं! तरी मी जबाबदार बाई आहे, म्हणून गुरुवारी सकाळी मिस्त्रींना फोन लावला. पलीकडं लग्नाचा मांडव, जनरेटरची भडभड, आणि कुणीतरी माईकवर जेवायला बसा, जेवायला बसा करत होतं.

"मिस्त्री, पाडायची ती भिंत चार इंचीच आहे ना? तिच्यावर वजन नाही ना?"

"न्हाई, न्हाई! कायबी वजन न्हाई!"

"कुठली? फुली मारलीय तीच ना?"

"फुली मारल्याली भिंत..." भडभडभड... "...बाई!" भडभड... "...काय समजलं?"

"समजलं!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शाळेत रजा टाकली होती. पदर खोचला, डोक्याला टॉवेल बांधला आणि घण उचलला. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. तेवढ्यात दारात आबा! मी कशी फसते ते बघायला पहिल्या गाडीनं कुंडलहून आले होते. मला घणाशी झोंबताना बघून दोन मिनिटं गंमत बघत उभे राहिले, मग त्यांच्यातला फौजी जागा झाला.

"हो बाजूला. टार्गेट कंचं?"

"ही भिंत. फुलीवर."

"पलीकडं काय हाय?"

"कोठीची खोली."

खरं म्हणजे कोठीचं दार मागच्या अंगणात उघडायचं, त्यामुळं ती डाव्या भिंतीमागं आहे की उजव्या, हे स्वयंपाकघरात उभं राहून कळत नव्हतं. (बाहेर जाऊन बघता आलं असतं. हे आत्ता सुचतंय.)

आबांनी शर्ट काढला, बनियनवर आले आणि पहिला घाव घातला. भिंत हलली नाही. दुसरा, तिसरा, दहावा. दोघंही आळीपाळीनं. गिलावा पडला, विटा दिसल्या, एक थर निघाला, आत दुसरा थर!

"शोभा, ही चार इंची न्हाई गं. नऊ इंची हाय."

"आबा, जुन्या काळातले इंच मोठे असायचे!"

सुभेदारांनी माझ्याकडं एकवार बघितलं, पण सुनेच्या पदवीचा मान ठेवून पुढचा घाव घातला. थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं.

"वास लय खमंग येतोय. लसणाची फोडणी."

"कोठीच आहे ना ती. चाळीस वर्षांचा मसाल्याचा वास मुरलेला असतो भिंतीत."

"मुरल्याला वास असा चुरचुरतोय व्हय गं?"

मी घण घेतला, अठरा वर्षांच्या नोकरीतला सगळा राग गोळा केला आणि फुलीच्या बरोबर मधोमध हाणला. भिंत पलीकडं ढासळली. एक माणूस वाकून जाईल एवढं भगदाड! आबा "शाब्बास!" म्हणून ओरडले. पलीकडून भांड्यांचा खणखणाट झाला, आणि हळदीचा एक मोठा पिवळा ढग शांतपणे आमच्याकडं आला.

ढग खाली बसला. भगदाडाच्या पलीकडं पांढऱ्याशुभ्र टाइल्स, चकचकीत काळा ओटा, ट्रॉल्या आणि हातात उलथनं घेतलेली एक साठीची बाई. केसांपासून हनुवटीपर्यंत पिवळीधमक. तिनं आधी गॅस बंद केला. मग वाकून माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"कोण पायजे?"

मी म्हटलं, "मी नवीन शेजारी."

"मग दारातनं यायचं का न्हाई?"

या हमीदाचाची. त्यांच्या घराचं दार पलीकडच्या गल्लीत, त्यामुळं आमची गाठभेट कधी झालीच नव्हती. स्वयंपाकघर त्यांनी वर्षापूर्वीच नवं केलं होतं. पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी मला माझ्या शिक्षणाबद्दल, नजरेबद्दल आणि आईवडिलांच्या संस्कारांबद्दल जे सुनावलं, ते मी इथं लिहीत नाही. आबांनी मध्ये तोंड घातलं, "आवं बाई, जरा ऐका..." तर त्यांनाही त्यात घेतलं.

"थांबा तितंच! मी दारातनंच येती, मानसासारकी!" असं म्हणून चाची निघाल्या. दोन गल्ल्यांचा वळसा, म्हणजे पाच मिनिटं. आणि त्या पाच मिनिटांत, बरोबर त्याच पाच मिनिटांत, बँकेचे इंजिनिअर आले!

अतिशय सभ्य गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, घाईत. पाटणला आणखी तीन घरं बघायची होती. पिवळे झालेले आबा सवयीनं सावधानमध्ये उभे. साहेब थेट स्वयंपाकघरात गेले, भगदाडातून आत डोकावले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! मॅडम, तुम्ही तर पुढचं कामसुद्धा केलंय! ओटा झाला, टाइल्स झाल्या, ट्रॉल्या बसल्या. आमच्या ग्राहकांत एवढा वेग मी बघितला नाही."

खटाखट चार फोटो. मग मोबाईलवर बोट नाचवत म्हणाले, "फक्त हा मधला भाग मोकळा करून घ्या. स्वयंपाकघर पूर्ण, असं लिहितो. दुसरा आणि तिसरा टप्पा एकदमच मिळेल."

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा डावा डोळा हळूच मिटला आणि उघडला. कुजबुजले, "गप ऱ्हा. शत्रूनं रसद टाकली तर परत पाठवायची नसती."

खोटं कशाला बोलू? मला मोह झाला. दोन्ही टप्पे एकदम! महिनाअखेरीची काळजी मिटली, आबांपुढं मान वर. नुसतं गप्प बसायचं होतं. पण साहेबांनी "छान रंगसंगती" असं म्हटलं आणि मला माझा वर्ग आठवला. दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिणाऱ्या पोरांना मी अठरा वर्षं वर्गाबाहेर उभं करतेय. आता स्वतःला कुठं उभं करू?

"साहेब, ते स्वयंपाकघर माझं नाही."

"म्हणजे?"

"ते शेजारच्या बाईंचं आहे. चुकून दिसतंय."

साहेबांनी मोबाईल खाली घेतला. पुन्हा भगदाडातून बघितलं. मग फार हळू आवाजात विचारलं, "मग तुमचं काम काय झालंय?"

"हे."

"हे म्हणजे?"

"हे भोक."

तेवढ्यात हमीदाचाची दारातून आल्या. पिवळ्या, घामाघूम, हातात उलथनं. "ह्यांनीच फोडलं! लिवून घ्या सायेब!" त्यांना ते पोलीस वाटले होते. साहेबांनी खरोखरच लिहून घेतलं. सामाईक भिंतीला धोका, दुसरा टप्पा रोखण्यात येत आहे, भिंत पूर्ववत करून शेजाऱ्यांचं ना हरकत पत्र सादर करावं. आणि पाटणला निघून गेले.

आबा पायरीवर बसले. "खरं बोललीस. झालं समाधान? आता तरी घे माझ्याकडनं पैसे."

"नाही!"

"आगं, आता तुला दोन घरं बांदायची हायत!"

"बांधीन. दोन बांधीन. तुम्हाला गोठासुद्धा बांधून दाखवीन, पण पैसे माझे!"

शुक्रवारी मिस्त्री आले. भगदाडापुढं उभे राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"बाई, मी फोनवर काय सांगिटलं? फुली मारल्याली भिंत पाडू नगा, बाई! फुली म्हंजे हात लावायचा न्हाई!"

"फुली म्हणजे चूक, मिस्त्री! चूक असेल तिथंच फुली मारतात!"

"आवं, बरोबर असंल तिथं कशाला खूण करू?"

"बरोबर असेल तिथं टिक करतात!"

"मग मी टिक कुटं केलीया?"

"तेच तर म्हणतेय मी!"

मिस्त्रींनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "दस्तगीर, सिमेंट कालव. हितं कुणाला यश न्हाई."

भिंत दोन दिवसांत उभी राहिली असती. पण चाचींची अट होती, टाइल्स जुळल्या पाहिजेत. पांढऱ्या टाइलवर छोटी निळी किटली, असं ते डिझाईन. कराडातल्या सगळ्या दुकानदारांनी मान हलवली, बंद झालंय. शेवटी कळलं की सांगलीत एका दुकानात शिल्लक आहेत. रविवारी चाची आणि मी एस.टी.नं सांगलीला गेलो. जाताना त्या तासगावच्या पुढं एकदाच म्हणाल्या, "खिडकी लावा. का तीबी फोडणार हाय?"

दुकानदारानं टाइल दाखवली आणि म्हणाला, "सुट्ट्या देत नाही. शेवटचा माल आहे. न्यायच्या तर सगळ्या पेट्या न्या."

"मला नऊ टाइल्स हव्यात!"

"मग नऊ टाइल्सची पेटी शोधा."

आणि इथं चमत्कार झाला. चार दिवस माझा उद्धार करणाऱ्या हमीदाचाची माझ्या पुढं झाल्या. "आरं ए, मास्तरीण हाय ती! पोरं शिकवती! तिला लुटतोयस व्हय रं? बंद झाल्याला माल, कुत्रं इचारत न्हाई त्याला, आन् भाव सोन्याचा लावतोस?" अर्ध्या तासात दुकानदार अर्ध्यावर आला. फ्रिजसाठी साठवलेली माझी भिशी तिथंच संपली आणि किटल्यांच्या अकरा पेट्या टेम्पोत चढल्या. नऊ टाइल्स चाचींच्या. बाकीच्या सगळ्या माझ्या! मला किटली आवडत नाही. मी चहासुद्धा पीत नाही. पण आज माझ्या स्वयंपाकघराच्या चारही भिंतींवर, खालपासून वरपर्यंत, किटल्याच किटल्या आहेत.

टाइल्स बसेपर्यंत भगदाड तसंच होतं. मी त्यावर ताडपत्री लावली आणि आबांनी मुक्कामच ठोकला, "बॉर्डर उघडी टाकून जाता येत न्हाई" म्हणून. सांगलीहून आल्यावर तीन दिवसांत ताडपत्री वर गुंडाळली गेली. पलीकडून भाकरी येऊ लागली, इकडून आबांच्या लढाईच्या गोष्टी जाऊ लागल्या. हवालदारसाहेबांचा फोन आला, "घर कसं चाललंय?"

"हवेशीर," मी म्हटलं.

"प्रायव्हसी आहे ना?"

मागून चाचींचा आवाज आला, "कुणाचा फोन हाय गं? जावयाचा व्हय? मीठ कमी पडलं का इचार सुभेदारास्नी!"

ह्यांनी नंबर बरोबर लागलाय ना, ते दोनदा विचारलं.

भिंत झाली, टाइल्स लागल्या. मी ना हरकत पत्राचा कागद घेऊन गेले. चाचींनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हरकत न्हाई असं कसं लिवू? हरकत हाय की!"

"चाची, मग माझे पैसे मिळत नाहीत."

"मग लिवते, हरकत हुती, आता न्हाई." आणि खरंच तसंच लिहून सही केली.

ते पत्र घेऊन मी बँकेत गेले. साहेब म्हणाले, पत्र चालेल, इंजिनिअर पुढच्या महिन्यात येतील. मी म्हटलं, "मी खोटं बोलले असते तर तुम्ही दोन टप्पे दिले असते. खरं बोलले म्हणून एकही नाही. मी हलत नाही." आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा काढून तिथंच बाकावर तपासायला बसले. रोज शाळा सुटली की बँक. दुसऱ्या दिवशी पेपर संपले, म्हणून भिंतीवरचे बँकेचे सूचनाफलक तपासायला घेतले. लाल पेनानं! 'व्याजदर' आणि 'हप्ता' सोडून जवळजवळ प्रत्येक शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. खाली गुण लिहिले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः फोन करून इंजिनिअरला बोलावलं. "आधी मॅडमचं काम करा," म्हणाले, "नाहीतर त्या आमच्या हेड ऑफिसचं पत्र तपासतील."

डावीकडची, म्हणजे खरी कोठीची भिंत मिस्त्रींनी पाडली. मला त्या दिवशी मुद्दाम शाळेत पाठवण्यात आलं. फोटो निघाले, पैसे आले, आणि महिनाअखेरच्या आदल्या दिवशी मी माझ्या घरात राहायला आले.

वास्तुशांतीला सगळी गल्ली लोटली. आबा आल्यागेल्याला छाती फुगवून सांगत होते, "माझ्या सुनेनं एकटीनं घर उभं क्येलं. माझ्याकडनं एक रुपाया घेतला न्हाई!"

"व्हय," चाची बुंदी वाढता वाढता म्हणाल्या, "आदी माझं उभं क्येलं, मग तिचं."

आता शेवटचा टप्पा राहिलाय, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा. परवा मी जाहीर केलं की मजुरी वाचवायला खांबांची भोकं मी स्वतःच पाडणार आहे. ड्रिल मशीनसुद्धा आणलंय! कुणाचं काही ऐकणार नाही. चाचींनी ऐकून घेतलं, "लय चांगलं," म्हणाल्या आणि दुपारी लेकीकडं मिरजेला निघाल्या. काही विशेष नाही म्हणे, सहज, चार दिवस.

सहज चार दिवस निघालेल्या बाईनं गॅसची शेगडी, मिक्सर आणि घरातले सगळे आरसे रिक्षात घातलेले मी पहिल्यांदाच बघितले!